नळाचं पाणी, काजळीचा कागद आणि ट्रोपोनिन

निवृत्त_लॅबवाला • १७ जानेवारी, सकाळी ९.१०

भोगीच्या दिवशी सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या अक्षता बघून घरी आलो. बाजरीची भाकरी, गरगट्टा आणि वर दोन शेंगापोळ्या, तुपाच्या धारेसकट. वय एकाहत्तर. रात्री दीडला छातीत जळजळ सुरू झाली, डावा खांदाही भरून आला. पोरानं गाडीवर मागं बसवलं आणि दवाखाना गाठला. ईसीजी काढला, रक्त घेतलं. तासाभरानं एक तरुण डॉक्टर आले. "काका, ट्रॉप निगेटिव्ह आलाय. तीन तासांनी परत एकदा करू, मग घरी सोडतो," म्हणाले. ट्रॉप म्हणजे ट्रोपोनिन, हृदयाला झटका बसला का ते सांगणारी रक्ततपासणी.

मी विचारलं, "साहेब, ट्रोपोनिन कुणी शोधून काढलं, ठाऊक आहे का?"

ते हसले. रात्री तीनला कॅज्युअल्टीत म्हातारा कोडी घालतोय म्हटल्यावर दुसरं काय करणार! पण मला ते नाव चाळीस वर्षांपासून पाठ आहे, आणि त्याचं कारण माझी स्वतःचीच एक चूक. ती इथं मोकळी करतो.

मी इथल्याच एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. माझं काम म्हणजे बेडूक सांभाळणं, सलाईन करणं आणि कायमोग्राफचे ड्रम काळे करणं. आताच्या पोरांनी कायमोग्राफ पाहिलेला नसतो. पितळी ड्रम असायचा, त्यावर गुळगुळीत कागद ताणून चिकटवायचा आणि रॉकेलच्या धुरावर ड्रम फिरवत काजळी धरायची. जाड धरली की लेखणी अडकते, पातळ धरली की रेघ दिसत नाही. बेडकाच्या हृदयाच्या टोकाला बारीक आकडा लावून दोरा तरफेला बांधायचा. हृदय आकसलं की लेखणी वर जाते आणि काळ्यावर पांढरी रेघ उमटते. प्रयोग संपला की कागद सोडवून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्यात बुडवायचा आणि दोरीवर वाळत घालायचा. प्रॅक्टिकलच्या दिवशी आमचा व्हरांडा मार्कंडेय जयंतीच्या पताका लावल्यासारखा दिसायचा.

बेडकाच्या सलाईनचं माप अजून तोंडपाठ आहे. लिटरला साडेसहा ग्रॅम मीठ, ०.१४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड, ०.२ ग्रॅम खायचा सोडा आणि ०.१२ ग्रॅम कॅल्शियम क्लोराईड. कॅल्शियम सगळ्यात शेवटी, भरपूर पाणी झाल्यावर टाकायचं. आधी टाकलं तर सोड्याशी धरतं आणि पाणी दुधट होतं.

ऐंशी सालचा पावसाळा असावा. कॅल्शियम क्लोराईडच्या बाटलीचं बूच सैल राहिलं होतं आणि त्या मिठाला हवेतलं पाणी ओढायची खोड, त्यामुळे आत नुसता राबडा झालेला. नवी बाटली स्टोअरमधून आणायची तर इंडेंट, सही, शिक्का. मनात म्हटलं, एवढ्याशा चिमटीवाचून काय अडतंय! दिली सोडून.

आधी पोटरीच्या स्नायूचा प्रयोग झाला. विजेचा झटका दिला की पाय टणकन उडायचे, सगळं छान. मग हृदयाचा सुरू झाला आणि एकेका टेबलावर पोरं कुजबुजायला लागली. ठोके चालू होते, पण उंची घटत चाललेली, सुईनं काढलेल्या डोंगरांच्या टेकड्या व्हाव्यात तशी. मग सपाट रेघ. बाराही टेबलांवर तेच.

मॅडम आल्या. कर्नाटकातल्या होत्या, आवाज कधी चढवायच्या नाहीत. ड्रॉपर उचलून सलाईनचा थेंब त्यांनी उजेडात धरला, जसं काही त्यात दिसणारच होतं. "सलाईन कोणी केलं?" मी हात वर केला. "कॅल्शियम?" मी मान खाली घातली.

वाटलं, आता मेमो. त्या म्हणाल्या, "बागेच्या बोअरचं लिटरभर पाणी आणा आणि त्यात फक्त साडेसहा ग्रॅम मीठ घाला." ते पाणी आपल्याला माहीतच आहे, चार दिवसांत बादलीला पांढरा थर धरतं. मी मिसळून आणलं. मॅडमनी ते पहिल्या टेबलावरच्या थांबलेल्या हृदयावर थेंब थेंब सोडलं. मिनिटभर काही नाही. मग लेखणी किंचित हलली, पुन्हा हलली, आणि दहाबारा ठोक्यांत पहिल्याइतकी उंच गेली. आख्खा वर्ग श्वास धरून उभा.

त्या दिवशी त्यांनी शिकवायचं ते बाजूला ठेवून सिडनी रिंगरची गोष्ट सांगितली. हा लंडनचा डॉक्टर. दिवसा रुग्ण बघायचा आणि मधल्या वेळात प्रयोगशाळेत बेडकाच्या हृदयापाशी बसायचा. १८८२ साली त्यानं छापलं की नुसत्या मिठाच्या पाण्यात हृदय बराच वेळ चालतं. पुढं नव्यानं पाणी करून पाहिलं तर हृदय थांबायला लागलं. शोध घेतला तेव्हा कळलं, आधीचं पाणी ऊर्ध्वपातित नव्हतंच. मदतनिसानं थेट नळाचं भरलं होतं, न्यू रिव्हर वॉटर कंपनीचं, आणि त्यात चुन्याचा अंश होता. १८८३ मध्ये रिंगरनं दुसरा लेख लिहून आपलीच चूक जगजाहीर केली: हृदय आकसायला कॅल्शियम लागतं. असं सांगतात, की त्या मदतनिसाला वाटलं होतं, डॉक्टरांना काय कळतंय फरक! म्हणजे लंडनला माझाच भाऊ नोकरीला होता. फरक इतकाच, की त्याच्या आळसानं शोध लागला आणि माझ्या आळसानं बाराजणांचं प्रॅक्टिकल बसलं.

वॉर्डात 'आरएल लावा' म्हणतात, म्हणजे रिंगर लॅक्टेटचं सलाईन, त्यातला 'आर' हाच रिंगर. लॅक्टेट मागाहून, १९३० च्या दशकात, अमेरिकेतल्या हार्टमन नावाच्या बालरोगतज्ज्ञानं घातलं.

पण मॅडमचा खरा जीव होता सेत्सुरो एबाशी या जपानी माणसावर. १९४४ मध्ये टोकियोत डॉक्टर झाला, औषधशास्त्राकडं वळला आणि उभं आयुष्य एका प्रश्नाला दिलं: स्नायूला 'चल' आणि 'थांब' कोण म्हणतं? त्या काळी स्नायू सैल करणारं काहीतरी रसायन असणार आणि ते सापडायचंय असा बहुतेकांचा समज होता. एबाशी न्यूयॉर्कला फ्रिट्झ लिपमन यांच्या प्रयोगशाळेत गेला आणि त्यानं दाखवलं की रसायन वगैरे काही नाही, स्नायूत पिशव्यांचं जाळं असतं, ते कॅल्शियम ओढून घेतं आणि स्नायू सैल पडतो. जर्मनीत हासेलबाख आणि माकिनोसे साधारण त्याच वेळी तिथंच पोचले होते. तरी लोक मानेनात. एवढा साधा चुन्यातला आयन, आणि तो स्नायू चालवणार?

विरोधकांकडं पुरावाही तगडा होता. ॲक्टिन आणि मायोसिन ही आकसणारी दोन प्रथिनं अगदी शुद्ध करून एकत्र केली, एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, दिलं, की ती आकसतात. कॅल्शियम असो वा नसो. म्हणजे कॅल्शियमचा संबंधच नाही! पण कमी धुतलेला, गाळीव नसलेला माल घेतला तर तो मात्र कॅल्शियमचं ऐकतो. एबाशीनं हे उलटं वाचलं. धुताना जे वाहून गेलं, कॅल्शियमचा कान त्यातच असणार. १९६३ मध्ये तो गाळ त्याच्या हाती लागला आणि १९६५ मध्ये अयाको कोदामा यांच्याबरोबर त्यातलं नवं प्रथिन वेगळं करून त्याचं नाव ठेवलं, ट्रोपोनिन. त्याच्या पत्नी फुमिकोही या कामात त्याच्याबरोबर होत्या.

मॅडम म्हणाल्या होत्या, "लक्षात ठेवा, दोन्ही वेळा उत्तर मळात होतं. एकदा पाण्याच्या, एकदा प्रथिनाच्या."

परवा रात्री दुसरा ट्रॉपही निगेटिव्ह आला. निदान: शेंगापोळी.

कुणाला या विषयातलं आणखी माहीत असेल तर लिहा.

शेंगाचटणी • १७ जानेवारी, सकाळी ९.४८

काय सांगलालाव काका! दोन शेंगापोळ्यांत दवाखाना? आमच्यात चौथीनंतर मोजायला सुरुवात करतात. तब्येत सांभाळा.

एक शंका. कॅल्शियम नव्हतं तर पोटरी का उडत होती? ती पण मटणच की.

मिरजकर • १७ जानेवारी, सकाळी १०.३०

शंका एकदम नेमकी आहे. मी हाच विषय शिकवतो, म्हणून लिहितो.

पोटरीचा स्नायू स्वतःच्या घरातलं कॅल्शियम वापरतो. एबाशीच्या त्या पिशव्यांत साठा भरलेला असतो. मज्जातंतूचा इशारा आला की पिशवीची दारं उघडतात, कॅल्शियम बाहेर पडतं, काम झालं की पंप ते परत आत ओढतो. बाहेरच्या सलाईनमध्ये कॅल्शियम नसलं तरी काही काळ निभतं. हृदयाचं तसं नाही. बेडकाच्या हृदयात हा साठा फार तोकडा, त्याला दर ठोक्याला बाहेरून थोडं कॅल्शियम आत घ्यावं लागतं. बाहेरचं तुटलं की खेळ खलास. रिंगरनं सुदैवानं हृदय निवडलं. पोटरी घेऊन बसला असता तर नळाच्या पाण्याचा पत्ता लागलाच नसता.

आकडा सांगतो, मग गंमत कळेल. शांत बसलेल्या पेशीच्या आत जितकं मोकळं कॅल्शियम असतं, त्याच्या साधारण दहा हजार पट बाहेर असतं. धरणाच्या भिंतीला बारीक दार ठेवावं तसं. दार क्षणभर उघडलं तरी आत निरोप पोचतो. म्हणून तर पेशी हाच आयन निरोप्या म्हणून वापरते, नुसत्या आकसण्यासाठी नाही. स्राव सोडायला, विभाजन सुरू करायलाही.

आणि ट्रोपोनिन काय करतं? ॲक्टिन-मायोसिनच्या तारा दोन फण्या एकमेकींत सरकाव्यात तशा सरकतात, हे १९५४ मध्ये हक्सली आडनावाच्या दोन वेगवेगळ्या शास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकाच्या एकाच अंकात मांडलं. ॲक्टिनवर ट्रोपोमायोसिनची एक दोरी पडलेली असते, ती मायोसिनची पकड अडवते. ट्रोपोनिन म्हणजे त्या दोरीची गाठ. तिचे तीन भाग: सी कॅल्शियम धरतो, आय अडवून ठेवतो, टी दोरीला बांधलेला. कॅल्शियम सीला चिकटलं की दोरी बाजूला सरकते. हृदयातले टी आणि आय इतर स्नायूंपेक्षा जरा वेगळ्या घडणीचे असतात. हृदयाची पेशी मेली की ते रक्तात झिरपतात. यावरून हायडेलबर्गच्या काटुस यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस तपासणी बसवली. लॅबवाले काकांच्या रक्तात त्या रात्री शोधत होते ते हेच.

तालमीतला • १७ जानेवारी, सकाळी ११.०५

म्हणजे कॅल्शियमच्या गोळ्या खाल्ल्या तर दंड वाढतील का? आमच्या जिममध्ये एक जण विकतोय.

मिरजकर • १७ जानेवारी, सकाळी ११.२०

नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर १०० मिलीलीटरला साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम या पट्ट्यात घट्ट धरून ठेवतं. जास्तीचं खाल्लं तर लघवीवाटे जाईल, कधी मूतखडा देऊन जाईल. दंड जोर मारून वाढतात. त्या माणसाला नमस्कार सांगा.

पूर्वभागकर • १७ जानेवारी, दुपारी १.१५

धागा मळावर चाललाय तर माझीही भर. आम्ही पूर्व भागातले, घरात तेलुगू, आजोबा मागावर, आजी विड्या वळायची. त्यामुळे यल्लाप्रगडा सुब्बाराव आमच्याकडं देवघराच्या शेजारी.

भीमावरमचा हा माणूस. हार्वर्डमध्ये फिस्के यांच्याबरोबर स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन शोधलं, १९२७ मध्ये. वर एटीपी आलंय, त्याच्या शोधातही या दोघांचा हात आहे. हार्वर्डनं कायमची नोकरी काही दिली नाही. मग लेडर्ले नावाच्या औषध कंपनीत गेला. तिथं त्याच्या चमूनं फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या बनवलं आणि मग त्याचाच तोतया, ॲमिनोप्टेरिन. बोस्टनचे सिडनी फार्बर यांनी तो रक्ताच्या कर्करोगानं आजारी मुलांना दिला. १९४८ मध्ये छापून आलं की काही मुलांचा आजार तात्पुरता का होईना, मागं हटला. पेशीची वाढ रोखणारं औषध! त्याच वर्षी सुब्बाराव गेला, त्रेपन्नाव्या वर्षी.

पण मळ कुठाय? तो त्याच्या आधी आहे, आणि तो मुंबईचा. १९२८ च्या सुमारास लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. कापड गिरण्यांतल्या गरोदर बाया रक्त कमी होऊन मरत होत्या, तो पंडुरोग तपासायला. यकृताचा शुद्ध केलेला अर्क दिला तर गुण नाही, ओबडधोबड अर्काला मात्र गुण. मग तिनं मार्माईट दिलं, म्हणजे यीस्टचा काळा चिकट अर्क, गोरे लोक पावाला लावतात तो. बायकांचं रक्त चढायला लागलं. त्या काळ्या लगद्यात जे होतं ते फॉलिक ॲसिड. ते नसेल तर पेशीला नवा डीएनए करता येत नाही, म्हणजे विभागताच येत नाही.

गिरणीकामगार बायकांच्या रक्तातून सुरू झालेलं बोस्टनच्या पोरांच्या वॉर्डात पोचलं. माझ्या आजीला तिच्या बाळंतपणात फॉलिकची गोळी मिळाली नव्हती. आईला मिळाली.

शेंगाचटणी • १७ जानेवारी, दुपारी १.४०

हे माहीतच नव्हतं बे. शाळेत फक्त गोळीचा लाल रंग लक्षात राहिला, शनिवारी रांगेत उभं करून द्यायचे.

काथ्याकूट • १७ जानेवारी, दुपारी ३.०२

सगळं गोड गोड चाललंय, म्हणून जरा मीठ टाकतो. मळात उत्तर सापडलेल्या गोष्टीच आपल्याला माहीत असतात, कारण त्या सांगितल्या जातात. मळानं घात केल्याच्या गोष्टी कोण सांगणार?

पेशींच्या वाढीच्याच शास्त्रातलं उदाहरण घ्या. १९५१ मध्ये बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स ही कर्करोगाची रुग्ण वारली. तिच्या गाठीतल्या पेशी बाटलीत वाढत राहिल्या. त्याच हेला पेशी, आणि त्या तिला न विचारता घेतलेल्या, हे वेगळंच. जगभरच्या प्रयोगशाळांत त्या गेल्या. पुढं लोकांनी आपापल्या पेशींच्या जाती वाढवल्या. ही आतड्याची, ही यकृताची, ही अमक्याची. १९६६ मध्ये स्टॅनली गार्टलर नावाच्या जनुकशास्त्रज्ञानं एका परिषदेत सांगितलं की त्यानं तपासलेल्या वेगवेगळ्या म्हणवणाऱ्या अठरा जाती सगळ्या हेलाच दिसतात. एखाद्या पिपेटमधून एक पेशी उडाली, तिनं दुसऱ्या बाटलीत मूळ धरलं आणि मालकिणीला हाकलून दिलं. यकृत समजून लोकांनी वर्षानुवर्षं गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर प्रयोग केले! आणि सांगितल्यावर त्याचे आभार मानले म्हणता? सभागृह गोरंमोरं झालं आणि बऱ्याच जणांनी काम तसंच पुढं रेटलं.

तेव्हा काका, तुमच्या मॅडमचं वाक्य सुंदर आहे, पण बाटलीचं बूच घट्टच लावा.

निवृत्त_लॅबवाला • १७ जानेवारी, संध्याकाळी ५.३०

काथ्याकूट, पटलं. खरं सांगू का, मॅडमही त्या दिवशी नंतर केबिनमध्ये बोलावून हेच म्हणाल्या होत्या. "रिंगरचं कौतुक यासाठी नाही की पाणी चुकलं. पाणी कुठलं होतं ते शोधून काढलं, यासाठी." त्यानंतर मी प्रत्येक बाटलीवर तारीख, पाणी कुठलं, कुणी केलं हे लिहायला लागलो, निवृत्त होईपर्यंत. पुढं बेडूक बंद झाले, कॉम्प्युटरवरचा बेडूक आला. त्याचं हृदय कधी थांबत नाही.

सुब्बाराव आणि विल्सबाईंचं वाचून बरं वाटलं. मॅडम असत्या तर त्यांना दाखवलं असतं.

भूलवाला • १७ जानेवारी, रात्री ९.४५

दिवसभर थिएटरमध्ये होतो, आत्ता वाचला धागा. मिरजकरांनी पिशवीच्या दारांचं लिहिलं, ती दारं माझ्या धंद्यातलं दुःस्वप्न आहेत.

१९६० मध्ये मेलबर्नला एक तरुण पाय मोडून आला. त्याला मोडक्या पायापेक्षा भूल देण्याची भीती जास्त, कारण त्याचे दहा नातेवाईक ईथरच्या भुलेखाली गेले होते. डॉक्टरांनी त्या वेळी नवं असलेलं हॅलोथेन दिलं, आणि तोही तापायला लागला. कसाबसा वाचला. डेन्बरो आणि लोव्हेल यांनी ही हकिगत छापली. त्यामागचं कारण नंतर उलगडलं: काही घराण्यांत त्या दाराची घडण जन्मतः सदोष असते. विशिष्ट भूल दिली की दार उघडं ते उघडंच राहतं, कॅल्शियमचा लोंढा येतो, स्नायू ताठतात, पेशी एटीपी जाळत सुटते आणि अंग भट्टीसारखं तापतं. डुकरांतही हाच दोष असतो, त्यावरूनच बरंचसं कळलं. डॅन्ट्रोलीन नावाचं औषध ते दार आवळतं. दक्षिण आफ्रिकेच्या हॅरिसन यांनी १९७५ मध्ये ते डुकरांवर दाखवलं.

या दाराला रायनोडिन रिसेप्टर म्हणतात, एका झाडातल्या विषावरून. ते विष आधी कीटकनाशक म्हणून वापरात होतं. म्हणून भूल देण्याआधी आम्ही विचारतो, "घरात कुणाला भुलेचा त्रास झाला होता का?" लोक वैतागतात, "आजोबांचं कशाला विचारताय, ऑपरेशन माझं आहे." त्यामागं तो मेलबर्नचा पोरगा असतो. आमच्याकडं या दोषाचे रुग्ण क्वचितच, पण विचारणं चुकवत नाही.

इंटर्न_चालू • १७ जानेवारी, रात्री ११.२०

नमस्कार. मी इथंच सोलापुरात इंटर्नशिप करतेय. चार महिने राहिलेत. मला संशोधनात जायचंय, स्नायू आणि कॅल्शियम हाच विषय डोक्यात आहे. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "साडेपाच वर्षं शिकवलं ते बेडूक कापायला का? एमडी कर, जुळे सोलापुरात दवाखाना टाकू." त्यांचंही चूक नाही, कर्ज आहे. पण डॉक्टर होऊन प्रयोगशाळेत गेलेली माणसं असतात का हो? की मी वेड्यासारखा विचार करतेय?

मिरजकर • १८ जानेवारी, सकाळी ७.५०

रिंगर डॉक्टर, एबाशी डॉक्टर, विल्स डॉक्टर. आणखी एक सांगतो, ती तुला जवळची वाटेल.

रीता लेव्ही-मोन्ताल्चिनी, इटलीतल्या तुरिनची. वडील म्हणायचे, मुलींना कशाला एवढं शिक्षण. तरी १९३६ मध्ये डॉक्टर झाली. १९३८ मध्ये ज्यूविरोधी कायदे आले, विद्यापीठाची दारं बंद. तिनं झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली. शिवणाच्या सुया घासून शस्त्रं केली आणि कोंबडीच्या अंड्यातल्या पिल्लांचे मज्जातंतू कसे वाढतात ते बघत बसली. बॉम्ब पडायला लागल्यावर बिऱ्हाड खेड्यात हललं, तिथंही अंडी. युद्धानंतर अमेरिकेत सेंट लुईसला तिनं दाखवलं की मज्जातंतू वाढवणारा एक पदार्थ असतो.

आता मळ बघा, काथ्याकूटांची माफी मागून. तो पदार्थ शुद्ध करायला स्टॅनली कोहेन हा जीवरसायनज्ञ तिच्याबरोबर होता. न्यूक्लिक ॲसिडं तोडायला त्यानं सापाचं विष घातलं. मज्जातंतू थांबायच्या ऐवजी आणखीनच फोफावले! म्हणजे विषातच तो पदार्थ ठासून भरलेला. सापाची विषग्रंथी म्हणजे लाळग्रंथीचीच बहीण, म्हणून त्यानं उंदराच्या लाळग्रंथी घेतल्या. तिथंही भरपूर. तो अर्क नवजात उंदरांना टोचला तर पिल्लांचे डोळे ठरल्या वेळेच्या किती तरी दिवस आधी उघडले. दुसरा कुणी असता तर 'अर्कात काहीतरी घाण आहे' म्हणून सोडून दिलं असतं. कोहेननं त्या घाणीचा पाठलाग केला आणि पेशींची वाढ चालवणारा दुसरा घटक शोधला. आज कर्करोगाची कितीतरी औषधं त्याच घटकाच्या वाटेवर नाकाबंदी करतात. दोघांना १९८६ चं नोबेल मिळालं. रीताबाई एकशे तीन वर्षं जगल्या.

तुझ्यापुरतं व्यवहाराचं: दोन वाटा. शरीरक्रिया, जीवरसायन किंवा औषधशास्त्रात एमडी कर. शिकवण्याची नोकरी मिळते, संशोधनही करता येतं, बाबांचा 'एमडी' हा शब्दही राहतो. नाहीतर एमबीबीएसवरून थेट पीएचडी. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईची टीआयएफआर, पुण्यात आयसर आणि विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, इथं चौकशी कर. प्रत्येकाचे प्रवेशाचे नियम त्यांच्या संकेतस्थळावर नीट वाच, दर वर्षी बदलतात. विद्यावेतन मिळतं, पण दवाखान्याच्या गल्ल्याशी तुलना करू नकोस, रडू येईल. आणि आधी दोन महिने कुठल्यातरी प्रयोगशाळेत फुकट काम करून बघ. पिपेट धरून कंटाळा आला नाही तर पुढं जा.

पूर्वभागकर • १८ जानेवारी, सकाळी ८.३०

द्वारकानाथ कोटणीसही याच गावातून चीनला गेले, तेव्हा घरचे काय म्हणाले असतील! बाबांना एकदा त्यांच्या स्मारकात घेऊन जा. चहा माझ्याकडून.

काथ्याकूट • १८ जानेवारी, सकाळी ९.००

कोटणीसांचं उदाहरण बाबांना देऊ नका, ते परत आले नव्हते.

इंटर्न_चालू • १८ जानेवारी, सकाळी ९.२५

हाहा, हे मात्र खरं. मिरजकर सर, खूप आभार. शरीरक्रियेत एमडीचं बाबांपुढं मांडून बघते.

लॅबवाले काका, एक विचारू? आम्हाला कायमोग्राफ फक्त चित्रात दाखवला. तुमच्याकडं त्यातला एखादा कागद आहे का अजून?

निवृत्त_लॅबवाला • १८ जानेवारी, सकाळी १०.१०

आहे की. त्याच दिवसाचा, पहिल्या टेबलावरचा. मॅडमनी स्वतः चपड्यात बुडवून मला दिला, मागं त्यांच्या अक्षरात तारीख आहे आणि 'बोअरचं पाणी' एवढंच लिहिलंय. डावीकडं उंच ठोके, मग उतरत जाणारे, मग वीतभर सपाट रेघ. त्या रेघेवर एक बोटाचा ठसा आहे, तो माझा, घाबरून हात लागला होता. आणि त्याच्यापुढं परत ठोके.

ये बघायला, बाबांनाही आण. फक्त गुरुवारी नको. त्या दिवशी नळाला पाणी येतं, मी भांड्यांच्या रांगेत अडकलेला असतो.